गल्ली बदलली की मुलाचं काय होतं? 'ऑपॉर्च्युनिटी ॲटलस' हा मोफत नकाशा वापरून पाहिल्यावर

अमेरिकेत घर शोधणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना मी हल्ली एकच सांगते. स्वयंपाकघराचे फोटो नंतर बघा, आधी 'ऑपॉर्च्युनिटी ॲटलस' उघडा. पैसे पडत नाहीत, नाव-नंबर विचारत नाहीत, मध्येच जाहिरात येत नाही. अख्ख्या अमेरिकेचा नकाशा समोर येतो आणि मोहल्ल्या-मोहल्ल्याला रंग दिलेला असतो. फुकट मिळणाऱ्या आकडेवारीत याच्या तोडीचं मी काही पाहिलेलं नाही. पण तो वाचायचा कसा हे कळलं नाही तर माणूस भलतंच ठरवून बसेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हार्वर्ड विद्यापीठातला 'ऑपॉर्च्युनिटी इनसाइट्स' हा संशोधकांचा गट आणि अमेरिकेचं जनगणना खातं यांनी मिळून ऑक्टोबर २०१८ मध्ये हा नकाशा सर्वांसाठी खुला केला. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि नेथनिएल हेंड्रन ही त्यामागची मुख्य नावं. १९७८ ते १९८३ या काळात जन्मलेल्या सुमारे दोन कोटी मुलांच्या जनगणनेच्या आणि आयकराच्या नोंदी, नावं काढून टाकून, एकमेकींशी जोडल्या. लहानपण कुठे गेलं आणि पस्तिशीच्या आसपास ती व्यक्ती काय कमावते, हे त्यातून निघालं. देशाचे जवळपास ७० हजार तुकडे केलेत. एका तुकड्याला ते 'ट्रॅक्ट' म्हणतात आणि त्यात साधारण चार हजार माणसं राहतात. म्हणजे आपल्या इंदूरच्या एका वॉर्डाहून पुष्कळ लहान. रामबाग आणि नारायण बाग वेगवेगळे दिसावेत इतपत बारीक.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी, की तिथे आज कोण राहतं हे हा नकाशा विचारतच नाही. तिथे वाढलेलं मूल पुढे न्यूयॉर्कला गेलं काय किंवा तिथेच राहिलं काय, त्याची नोंद त्याच्या लहानपणच्या मोहल्ल्याच्या खात्यात जमा होते. श्रीमंत लोक राहायला आले म्हणून एखादा भाग चांगला ठरत नाही. तिथली पोरं कुठवर पोचली, यावर त्याचा रंग ठरतो.

मी इंदूरच्या वस्त्यांमध्ये आरोग्य खात्याची नोकरी केली, लसीकरणाच्या कामावर. पल्स पोलिओच्या फेरीत आम्ही घराच्या भिंतीवर खडूने खूण करायचो. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला तर 'पी', एखादं राहिलं तर 'एक्स'. दुपारी परत फिरताना नुसत्या भिंती बघत चाललं तरी सगळं कळायचं. नाल्याच्या अलीकडे ओळीने 'पी', नाला ओलांडला की दर दोन-तीन दारांनंतर 'एक्स'. आया तितक्याच मायेच्या, मुलंही तितकीच गोड. पण पलीकडे नळाला पाणी भलत्या वेळेला यायचं, घरातली मोठी माणसं कामावर लवकर निघून जायची आणि मूल दुसऱ्या गल्लीत मावशीकडे सोडलेलं असायचं. वजनाच्या रजिस्टरमध्येही तोच नाला दिसायचा. त्यामुळे जागेचा तब्येतीशी काय संबंध, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. अमेरिकेसारख्या देशात तो इतका ठळक असेल, हे मात्र या नकाशावर प्रथम पाहिलं.

बघायचं कारण घरचंच. माझा भाचा नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात गेला. सोबत बायको आणि बालवाडीतली मुलगी. त्याने फोनवर सांगितलं, "मावशी, घर दाखवणारा एजंट सगळं सांगतो, पण वस्ती कशी आहे म्हटलं की गप्प बसतो. म्हणतो, तुम्हीच बघून घ्या." मला ते आधी विचित्र वाटलं. मग कळलं की यामागे कायदा आहे. १९६८ च्या गृहनिवड कायद्यानं वंश, धर्म वगैरे बघून गिऱ्हाइकाला अमुक वस्तीत जा, तमुक टाळा, असं वळवायला तिथे बंदी आहे. म्हणून शहाणा एजंट शेजाऱ्यांबद्दल तोंड उघडत नाही आणि लोकांना अशा नकाशांकडेच जावं लागतं.

शार्लट म्हणजे मोठमोठ्या बँकांचं, भराभर वाढणारं, नोकऱ्यांची ददात नसलेलं शहर. आणि २०१४ मध्ये याच संशोधकांनी ५० मोठ्या शहरांची तुलना केली तेव्हा ते शेवटून पहिलं आलं. सर्वांत गरीब पाचव्या हिश्शातल्या घरात जन्मलेली किती मुलं सर्वांत वरच्या पाचव्या हिश्शात पोचतात, हा प्रश्न होता. शार्लटमध्ये १०० तली ४.४, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये १२.९. नोकऱ्या शहरात आल्या, पण बाहेरून शिकून आलेल्यांनी घेतल्या. तिथल्या गरीब पोरांच्या हाती फार थोड्या लागल्या. जवळपास नोकऱ्या किती आहेत याचा मुलांच्या पुढच्या कमाईशी फारसा मेळ बसत नाही, मोहल्ल्यातली किती मोठी माणसं कामाला जातात याचा बसतो, हे या संशोधनातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. मुलाला रोज सकाळी डबा घेऊन निघणारी माणसं दिसली पाहिजेत.

आता प्रत्यक्ष वापराबद्दल. पान उघडलं की पत्ता टाकायची चौकट असते. बाजूला निवडायच्या गोष्टी: काय मोजायचं (कमाई, रोजगार, तुरुंगात असण्याचं प्रमाण आणि असंच बरंच), आईवडिलांचं उत्पन्न कमी, मध्यम की जास्त, मूल कुठल्या वंशाचं, मुलगा की मुलगी. लाल म्हणजे वाईट, निळा म्हणजे चांगला. तुकड्यावर क्लिक केलं की आकडा येतो.

शार्लटवर आणलं तर शहराच्या मधोमधून दक्षिणेकडे पाचरीसारखा पसरत गेलेला सुस्थितीतला भाग, आणि त्याला उत्तर, पूर्व, पश्चिमेकडून वेढणारी लाल चंद्रकोर. तिथले लोकही या दोन भागांना पाचर आणि चंद्रकोरच म्हणतात. ही चंद्रकोर आपोआप पडलेली नाही. शहराच्या मध्यावर ब्रुकलिन नावाची कृष्णवर्णीयांची भरलेली वस्ती होती. शाळा, चर्च, दुकानं, सगळं होतं. १९६० च्या दशकात शहर सुधारणेच्या नावाखाली ती पाडली आणि सुमारे हजार कुटुंबं उठवली. त्याआधी १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवून कुठे कर्ज द्यायला धोका आहे ते ठरवलं होतं, आणि कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना जवळपास सगळीकडे लाल रंग दिला होता. ते जुने नकाशे रिचमंड विद्यापीठाच्या 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' या संकेतस्थळावर आहेत, शार्लटचाही आहे. दोन्ही पानं शेजारी-शेजारी उघडून बघा. मी बघितली, आणि रात्री नीट झोप लागली नाही.

भाच्याने एक चूक केली, जी आपल्यातले बहुतेक जण करतील. नकाशा सुरुवातीला गरीब घरातल्या मुलांचा आकडा दाखवतो. त्याने तो तसाच वाचला आणि घाबरला. दोघंही चांगलं कमावतात. पालकांचं उत्पन्न 'जास्त' केल्याबरोबर तोच भाग बराच निळा झाला. तो निवांत झाला. पण मी त्याला म्हटलं, आता परत 'कमी' कर आणि तोच नकाशा नीट बघ. पैसेवाल्याचं मूल कुठेही निभावून नेतं. जिथे गरिबाचंही मूल वर येतं तिथे शाळा, शेजार, मैदान, दवाखाना यांच्यात काहीतरी खरोखर चांगलं आहे, आणि ते तुमच्या मुलीलाही मिळेल.

हे शहरागणिक नाही, गल्लीगणिक बदलतं. लॉस एंजेलिसमधलं वॉट्स आणि कॉम्प्टन यांच्यात जेमतेम दोन-अडीच मैलांचं अंतर आहे. वॉट्समधल्या एका सरकारी वसाहतीच्या ट्रॅक्टमध्ये अगदी गरीब घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांपैकी १०० तले ४४ जण २०१० च्या जनगणनेच्या दिवशी तुरुंगात होते. मध्य कॉम्प्टनमध्ये हेच प्रमाण ६.२. वंश तोच, गरिबी तीच, शहरही जवळपास तेच. दोन-अडीच मैल म्हणजे आपल्या इंदूरच्या राजवाड्यापासून साधारण पलासियापर्यंत.

चांगल्या वस्तीत मुळात चांगली माणसंच जातात, जागेचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर १९९० च्या दशकातल्या एका सरकारी प्रयोगात आहे. १९९४ ते १९९८ मध्ये बॉल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथल्या सरकारी वसाहतींतली ४,६०४ कुटुंबं घेतली आणि चिठ्ठ्या टाकल्या. काहींना कमी गरिबीच्या वस्तीतच वापरता येईल असं भाड्याचं व्हाउचर (म्हणजे भाड्याला सरकारी मदत) दिलं, काहींना दिलं नाही. आयांमध्ये मधुमेह आणि अतिलठ्ठपणा कमी झाला, मनावरचा ताण उतरला. त्यांची कमाई मात्र वाढली नाही, आणि बरीच वर्षं लोक म्हणत राहिले की प्रयोग फसला. मग मुलं मोठी झाली. जी १३ व्या वर्षाच्या आत हलली होती त्यांची विशी उलटल्यावरची कमाई, न हललेल्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. त्याहून मोठी असताना हललेल्यांना फायदा झाला नाही, उलट थोडा तोटाच दिसला. माती तशीच काम करते. रोप लहान असताना हलवलं तर धरतं.

तब्येतीसाठी हा एक नकाशा पुरत नाही, आणि ही त्याची मोठी उणीव आहे. कमाई आणि तुरुंग कळतो, पण तिथला माणूस किती जगतो, त्याला साखर आहे का, दात शाबूत आहेत का, हे कळत नाही. त्यासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्याचं 'प्लेसेस' हे संकेतस्थळ बघावं लागतं. २०२० पासून ते देशभर, ट्रॅक्टपर्यंतचे आकडे देतं. मधुमेह, रक्तदाब, दमा, सात तासांपेक्षा कमी झोप, पासष्टीनंतर सगळे दात गेलेले, असे कितीतरी. एक लक्षात ठेवा, ते घरोघर जाऊन मोजलेले नाहीत. फोनवरच्या सर्वेक्षणावरून आणि त्या भागातल्या लोकांच्या वय-उत्पन्नावरून काढलेले अंदाज आहेत. दिशा कळते, पण दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावरून भांडू नये. आयुर्मानाचे ट्रॅक्टनिहाय आकडे २०१८ मध्ये आले, २०१० ते २०१५ मधल्या मृत्यूंवर आधारलेले. त्यात शिकागोचं चित्र बघून माझ्यासारख्या बाईचाही श्वास अडकला. स्ट्रीटरव्हिलमध्ये सुमारे ९० वर्षं, त्याच शहरातल्या एंगलवूडमध्ये सुमारे ६०. एका शहरात, एका महापौराच्या राज्यात, तीस वर्षांचा फरक. एका ठिकाणी माणूस पणतू बघतो, दुसऱ्या ठिकाणी नातवाची मुंज बघायला उरत नाही.

नकाशाचे दोष सांगते. ज्यांच्यावर तो उभा आहे ती मुलं आज चाळिशी ओलांडून गेलीत. तेव्हाचा मोहल्ला आणि आत्ताचा मोहल्ला एकच असेल असं नाही. या गटाने २०२४ मध्ये १९९२ पर्यंत जन्मलेल्यांचे नवे आकडे दिले, त्यात शार्लट ५० वरून ३८ व्या जागी आलं. तो पहिला निकाल लागल्यावर त्या शहराने तोंड लपवलं नाही, समिती बसवून कामाला लागलं, हे नोंदवलं पाहिजे. दुसरं, जिथे मुलं फारच थोडी होती तिथे आकडाच नाही, आणि लोकांची ओळख लपवण्यासाठी बाकीच्या आकड्यांतही मुद्दाम थोडा गोंधळ मिसळलेला आहे. योग्यच आहे ते, पण शेजारच्या दोन तुकड्यांत शे-दोनशे डॉलरचा फरक दिसला म्हणून घर बदलू नये. तिसरं, आपल्यासारख्या बाहेरून गेलेल्या कुटुंबांचं चित्र यात अंधुक आहे. त्या काळात अशी घरं अनेक ठिकाणी मोजकीच होती.

माझी खरी काळजी वेगळी आहे. असा नकाशा हातात आला की ज्याच्याकडे पैसा आहे तो निळ्याकडे पळतो, निळ्यातली भाडी चढतात आणि लाल भाग आणखी लाल होतो. संशोधकांनी यावर नुसतं लिहून सोडलं नाही, ही मला फार आवडलेली गोष्ट. सिएटल आणि भोवतालच्या किंग काउंटीत त्यांनी तिथल्या गृहनिर्माण विभागांबरोबर एक योजना चालवली. भाड्याचं व्हाउचर मिळालेल्या गरीब कुटुंबांना घर शोधायला एक माणूस सोबत दिला. घरमालकाशी बोलणं, अर्ज भरणं, अनामत रकमेसाठी थोडी मदत. एवढ्यावर चांगल्या भागात जाणाऱ्यांचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ५३ टक्क्यांवर गेलं. म्हणजे लोकांना तिथे राहायचं नव्हतं असं नाही, दार उघडून द्यायला कुणी नव्हतं. वस्तीत काम केलेल्या कुणालाही हे पटेल. 'एक्स' च्या घरात दुसऱ्या दिवशी ओळखीची आंगनवाडीची ताई सोबत आली की तेच दार उघडायचं.

आणि हे सगळं बघून इंदूरबद्दल जीव तुटतो. स्वच्छतेत २०१७ पासून आपला पहिला नंबर लागत आला, त्याचा मला अभिमान आहे, सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की बरं वाटतं. पण तो अख्ख्या शहराचा एक नंबर आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, कामगारांचे थकलेले पैसे सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मालवा मिल, परदेशीपुरा या भागात त्या वर्षांत वाढलेली पोरं आज कुठे आहेत? सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आल्या, त्यांच्या दारातून यांच्यातली किती आत गेली? शार्लटची जी गोष्ट आहे ती आपली आहे की नाही, हे सांगणारा कागद आपल्या हातात नाही. शंभर वर्षांपूर्वी तो होता. होळकर दरबारने स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांना बोलावलं, त्यांनी गल्लीबोळ पायी तुडवले आणि १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. प्लेग, मलेरिया, नदीकाठ, विहिरी, घरांची दाटी, सगळं जागेला धरून मांडलेलं. जन्म-मृत्यूच्या नोंदी आज पालिकेत आहेत, लसीकरणाच्या आहेत, शाळांच्या आहेत. नावं काढून, मोहल्ल्यावार जोडून लोकांपुढे ठेवायला हव्यात. मी माझ्या ओळखीच्या नगरसेवकांना हा नकाशा मोबाइलवर दाखवत असते आणि दाखवत राहणार.

भाच्याने शेवटी शहराच्या ईशान्येला, विद्यापीठाकडे जाणाऱ्या ट्रामसारख्या ब्लू लाइनच्या जवळ भाड्याने घर घेतलं. नकाशावर तो तुकडा गडद निळा नाही, मधला आहे. पण चालत जाण्याजोगी शाळा आहे, शेजारी वेगवेगळ्या कमाईची माणसं आहेत आणि सूनबाईला गाडीशिवाय बाहेर पडता येतं. मला ते पसंत आहे.

वापरणार असाल तर मोठ्या पडद्यावर उघडा. मोबाइलवर बोटाखाली नेमका तुकडा सापडत नाही. आधी पालकांचं उत्पन्न तुमच्यासारखं करून बघा, मग 'कमी' करून बघा आणि दोन्हीकडे बरा दिसणारा भाग वहीत लिहून ठेवा. त्याच भागाचे 'प्लेसेस' वर रक्तदाबाचे आणि झोपेचे आकडे बघा. मग एखाद्या शनिवारी तिथे पायी फिरून या, किराणा आणि ताजी भाजी कुठे मिळते ते बघा, संध्याकाळी मैदानात मुलं खेळतात का ते बघा. मूल दहा-अकरा वर्षांच्या आतलं असेल तर हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.